सुटं की बसवलेलं

मास्तर कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते. ते गाडी चालवायला शिकवत. सव्वीस वर्षं शिकवत होते, आणि एकामागून एक घेतलेल्या त्यांच्या चार गाड्यांच्या स्टिअरिंगला शहरातल्या निम्म्या लोकांचे घामेजलेले हात लागून गेले होते. डॉक्टर, वकील, भाजीवाले, अँब्युलन्सवाले, सगळे त्यांना मास्तर म्हणत. बायकोही चारचौघांत "आमचे मास्तर" असाच उल्लेख करायची. कुठे खोदकाम चालू आहे, कुठली गल्ली दुपारी मोकळी असते, कुठल्या पुलाखालून ट्रक जात नाही, हे विचारायला लोक त्यांच्या घरी फोन करायचे. मोबाईल तेव्हा बोलण्यापुरतेच होते. रस्ता विचारायचा तर माणसालाच विचारावा लागे, आणि तो माणूस म्हणजे बहुतेकदा मास्तरच असत.

अठ्ठावन्नाव्या वर्षी, एका सोमवारी सकाळी, पहिल्या शिकाऊ गिऱ्हाइकाला घ्यायला निघालेले मास्तर पोस्टाच्या चौकात थांबले आणि त्यांना पुढे जाता येईना.

गाडी ठीक होती. सिग्नल हिरवा होता. समोर चष्म्याचं दुकान होतं, कोपऱ्यावर लाँड्री होती, लाँड्रीच्या पायरीवर नेहमीचा म्हातारा पेपर वाचत बसला होता. सगळं ओळखीचं. पण लाँड्रीच्या पलीकडे काय आहे, ते काही केल्या आठवेना. डावीकडे वळलं तर कुठे जातो, उजवीकडे वळलं तर काय लागतं, काही नाही. माळेतला दोरा कुणीतरी ओढून घ्यावा आणि मणी तेवढे हातात राहावेत, तसं झालं होतं. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला तेव्हा त्यांनी गाडी उगाचच सरळ दामटली आणि अर्धा तास भटकून कसेबसे गिऱ्हाइकाच्या दारात पोचले.

रात्री झोप झाली नसेल, पित्त झालं असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशीही. हातपाय मात्र तल्लख होते. क्लच, ब्रेक, आरसा, चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलणं, यात केसभर फरक नव्हता. फक्त शहर सुटं सुटं झालं होतं.

त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. सांगणार काय? पोहणारा पाणी विसरला असं कुणी सांगतं का?

उलट त्यांनी एक युक्ती काढली. धडा संपत आला की ते शिकाऊ माणसाला म्हणायचे, "आता रस्ता मी सांगणार नाही. घरी कसं जायचं ते तुम्ही ठरवा. गाडी चालवणं म्हणजे नुसतं स्टिअरिंग फिरवणं नव्हे." लोकांना हे फार आवडलं. मास्तरांनी नवीन पद्धत काढली म्हणून दोन गिऱ्हाइकं वाढलीसुद्धा. मास्तर शेजारच्या सीटवर, पाय जास्तीच्या ब्रेकवर ठेवून, आपल्याच गाडीत पाहुण्यासारखे बसून राहत.

मग एक दातांची डॉक्टरीण शिकायला आली. दुसऱ्या शहरातून नुकतीच बदलून आलेली. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी आपलं ठरलेलं वाक्य टाकलं तेव्हा ती म्हणाली, "मास्तर, मला तर इथलं काहीच माहीत नाही. तुम्हीच सांगा."

"अंदाजानं चला," मास्तर म्हणाले.

अंदाजानं ते दोघे पाऊण तास एका कारखान्याच्या कुंपणाभोवती फिरले. शेवटी तिनंच गाडी थांबवून एका बाईला रस्ता विचारला. मास्तर काचेतून दुसरीकडे बघत होते. उतरताना डॉक्टरीण हसून म्हणाली, "चांगली परीक्षा घेतलीत." त्या हसण्यात काहीच खोट नव्हती. पण त्याच संध्याकाळी मास्तर भोंग्याच्या दुकानात गेले.

भोंगा हे त्याचं खरं नाव नव्हे. वीस वर्षांपूर्वी तो मास्तरांकडे शिकायला होता तेव्हा ब्रेकच्या आधी हॉर्न दाबायचा, म्हणून मास्तरांनीच ते नाव ठेवलं होतं. आता त्याचं गाडीच्या सामानाचं दुकान होतं. सीटकव्हर, स्पीकर, आरसे, आणि काचेच्या कपाटात नव्यानं आलेली रस्ता दाखवणारी यंत्रं.

"पुतण्याला हवंय," मास्तर म्हणाले. "नवीन गावी बदली झालीय त्याची."

"मग काय देऊ? बसवायचं की सुटं?"

"फरक काय?"

भोंग्यानं बाही मागे सारली. बोलायची संधी त्यानं आजवर सोडली नव्हती. "हे बसवायचं बघा. डॅशबोर्ड कापून आत घालतो. मोठा पडदा, मोठा आवाज. ह्याची एक वायर गाडीच्या वेगाच्या तारेला जोडतात. त्यामुळं वर आभाळ दिसलं नाही तरी गाडी किती गेली, कुठं वळली, ते त्याला कळत राहतं. बोगद्यात घाला, तळघरात घाला, चालतं. पण एकदा बसवलं की बसवलं. काढायला गेलात तर डॅशबोर्डला भगदाड. आणि हे सुटं. ही रबराची चकती काचेला चिकटवायची, काम झालं की काढून पिशवीत. ह्याचं सगळं वरच्या उपग्रहांवर. छपराखाली गेलं की मुकं होतं बिचारं. मास्तर, पुतण्या रोज गाडी चालवणार असेल तर मी बसवलेलंच म्हणेन."

मास्तर मोठ्या पडद्याकडे बघत राहिले. तो आपल्या गाडीत दिसत होता त्यांना, आणि त्याच्यासमोर बसलेले शिकाऊ लोक, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा प्रश्न.

"सुटं दे," ते म्हणाले.

"पुतण्याला एकदा विचारा तरी."

"त्याला सुटंच हवंय."

त्या दिवसापासून मास्तरांचं आयुष्य जेवणाच्या डब्याच्या पिशवीत आलं. डब्याखाली फडक्यात गुंडाळलेलं ते यंत्र असे. एकटे असले की ते काचेला लावायचे. गिऱ्हाइकाच्या गल्लीच्या आधी गाडी बाजूला घेऊन काढायचे, फडक्यात गुंडाळायचे, वर डबा ठेवायचे. धडा चालू असताना यंत्र पायाशी आणि त्याची वायर कानात. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "बातम्या ऐकतोय." एक वकील रागावून शिकणं सोडून गेला, मी मरणाच्या दारात गाडी घालतोय आणि ह्यांना बातम्या सुचतात, असं त्यानं बाहेर सांगितलं.

बायको गाडीत असली की तेही जमत नसे. मग आदल्या दिवशी यंत्र लावून एकटे तो रस्ता जाऊन यायचे आणि वळणं चिठ्ठीवर लिहायचे. डा, उ, उ, सरळ, पेट्रोलपंप, डा. ती चिठ्ठी मीटरच्या काचेला खोचायची. बायको विचारायची नाही. ती घरी शिवणकाम करायची, आणि गाडीत बसली की मांडीवर काहीतरी घेऊन काजं-बटणं करत बसायची. मास्तरांना वाटायचं, बरं आहे, हिचं लक्ष नाही.

बायकोच्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं, पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं. आक्का एकटी होती, तिला मूलबाळ नव्हतं, तेव्हा सगळं ह्या दोघांवरच. हॉस्पिटल नवीन, चार मजली, खाली तीन मजले पार्किंग. मास्तर आदल्या दिवशी जाऊन आले होते. चिठ्ठीत हॉस्पिटलच्या दारापर्यंतची अकरा वळणं होती.

पावणेदहाला आक्काला घेऊन ते दारात पोचले. एकही वळण चुकलं नाही. मास्तरांना हायसं वाटलं.

"आक्काला चाकाच्या खुर्चीत बसवते," बायको म्हणाली. "माझे हात मोकळे हवेत. मागच्या सीटवर फाईल आहे, ती तुम्ही गाडी लावून घेऊनच या. हृदयाचे जुने रिपोर्ट आहेत त्यात. भुलीच्या डॉक्टरांनी ते बघितल्याशिवाय आत घेणार नाही म्हणून सांगितलंय. अकराची वेळ आहे."

"आलोच," मास्तर म्हणाले.

पहिला मजला भरलेला होता. रखवालदारानं हात खाली, आणखी खाली, असा केला. तिसऱ्या मजल्यावर जागा मिळाली. तिथं नुकताच जमिनीला रंग दिलेला होता. बाण, आकडे, पट्ट्या सगळं करड्या रंगाखाली गेलं होतं आणि नवीन अजून काढायचं होतं. वास डोक्यात जात होता. मास्तरांनी फाईल घेतली, गाडीला कुलूप लावलं आणि लिफ्ट शोधायला निघाले.

खांब, गाड्या, खांब, गाड्या. एक दार सापडलं, ते पाण्याच्या पंपांच्या खोलीचं निघालं. ते परत फिरले, म्हणजे परत फिरलो असं त्यांना वाटलं. मोबाईल काढला. नेटवर्क नव्हतं. पाच मिनिटांनी समोर त्यांचीच गाडी उभी होती. आपण तिच्यापासून लांब चाललोय अशी त्यांची खात्री होती.

बरं, ते स्वतःशी म्हणाले, गाडीच बाहेर काढू, दाराशी लावू, फाईल हातात देऊ. ते आत बसले, पिशवीतून यंत्र काढलं, काचेला दाबून लावलं. पडद्यावर एक छोटं चक्र फिरायला लागलं. खाली अक्षरं: सिग्नल शोधत आहे.

त्यांनी गाडी सुरू केली. चढ दिसला की चढायचं, एवढं साधं होतं. पण एक चढ दोरी लावून बंद केलेला होता आणि दुसरा त्यांना ज्या मजल्यावर घेऊन गेला तो हुबेहूब आधीच्यासारखा होता. चौदा नंबरचा खांब आला. थोड्या वेळानं पुन्हा चौदा नंबरचा खांब आला. कपाळावरचा घाम भुवईत उतरला. चक्र फिरतच होतं. सव्वीस वर्षं त्यांनी घाबरलेल्या माणसांना सांगितलं होतं, श्वास घ्या, वेग कमी करा, आरशात बघा. त्यांनी श्वास घेतला, वेग कमी केला, आरशात बघितलं. आरशात चौदा नंबरचा खांब होता.

एवढ्यात समोरून एक माणूस चहाचा कागदी कप घेऊन चालत आला. हॉस्पिटलचा अँब्युलन्सवाला. मास्तरांचाच शिष्य. त्यानं कप सांभाळत सलाम केला.

"मास्तर, तुम्ही इकडे कसे?"

त्यांच्या ओठांपर्यंत आलं होतं. अरे, मला बाहेर काढ. चार शब्द. तो धावत पुढे चालला असता आणि दोन मिनिटांत त्यांना उजेडात घेऊन गेला असता. पण ह्या पोराला त्यांनी एकेकाळी संपूर्ण शहर तोंडपाठ करायला लावलं होतं. चुकला की गाडीतून उतरवून पायी चालायला लावलं होतं.

"सहज," मास्तर म्हणाले. "बायकोची बहीण आहे वर."

"काही लागलं तर सांगा."

"सांगतो की."

तो गेला. त्याच्या चपलांचा आवाज ऐकू येईनासा झाला तरी मास्तर तिकडेच बघत होते. मग त्यांनी गाडी एका रिकाम्या जागेत घातली, इंजिन बंद केलं आणि यंत्र काढून मांडीवर घेतलं. त्यांना आता कुठेच जायचं नव्हतं. फाईल शेजारच्या सीटवर होती. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

बायको आली तेव्हा बारा वाजत आले होते. बरोबर रखवालदार होता. तिनं त्याला पाठवून दिलं, दार उघडलं, फाईल उचलून शेजारी बसली. चालून चालून तिला धाप लागली होती.

"झालं का ऑपरेशन?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. पुढच्या बुधवारी. भुलीचे डॉक्टर दुसरीकडे गेले. आक्का उपाशी होती सकाळपासून, रडली थोडी."

मास्तरांनी मान खाली घातली. मांडीवरचं यंत्र लपवायचं त्यांना सुचलंही नाही.

"हे तुझ्या लक्षात—"

"महिना झाला," ती म्हणाली. "समोरची काच मीच पुसते. रोज एक गोल डाग. पुसला की दुसऱ्या दिवशी परत तिथंच. आणि डब्याच्या पिशवीला तळाशी भोक पडलं, ते मी शिवलं. डब्यानं भोक पडत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघितली."

"आणि आक्काचं? एवढं माहीत होतं तर आज मला खाली कशाला पाठवलंस?"

हे बोलायला नको होतं. तिचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. "हो," ती म्हणाली. "मीही वर बसून हेच म्हणत होते. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसले आणि बहिणीला उपाशी ठेवलं. चूक दोघांची आहे. आता उतरा, लिफ्ट त्या पाण्याच्या टाकीमागं आहे."

आक्काचं ऑपरेशन पुढच्या बुधवारी नीट पार पडलं. मास्तरांनी तिची माफी मागितली. ती म्हणाली, ठीक आहे, होतं असं. पण त्यानंतर कुठे जायचं असलं की ती रिक्षा करायची, आणि ते कुणी बोलून दाखवलं नाही तरी सगळ्यांना कळायचं.

डॉक्टरांनी मास्तरांच्या डोक्याचा फोटो काढला. मागच्या बाजूला एक छोटा डाग होता. रक्ताची गुठळी कधीतरी येऊन, तेवढंच नुकसान करून गेली होती. नजर चांगली, हातपाय चांगले, स्मरण चांगलं. दिशा तेवढी गेली. पुन्हा येईल का, ह्यावर डॉक्टर म्हणाले की आशा ठेवा, पण तिच्या भरवशावर बसू नका. गुठळी पुन्हा होऊ नये म्हणून गोळ्या दिल्या. तीन महिने शिकवणं बंद, मग तपासणी. तपासणीत गाडी चालवायला हरकत नाही असं लिहून मिळालं.

दुसऱ्याच दिवशी बायको त्यांना भोंग्याच्या दुकानात घेऊन गेली. सुटं यंत्र तिनं काउंटरवर ठेवलं.

"हे परत घे आणि बसवायचं दे."

भोंगा दोघांकडे बघायला लागला. "पुतण्याचं काय झालं?"

"पुतण्या नाही," मास्तर म्हणाले. मग बायकोकडे वळून हळू आवाजात, "ह्याच्यावर चालेल की. आता तुला माहीतच आहे. तळघरात नाही गेलं म्हणजे झालं."

"तळघराचं नाही. हे पिशवीत घालता येतं."

"एकदा बसवलं की काढता येणार नाही. येणारा जाणारा बघणार."

"म्हणूनच," ती म्हणाली.

भोंग्यानं ते काम पोरांवर सोपवलं नाही. स्वतः खाली वाकून करवतीनं डॅशबोर्ड कापला. मास्तर दुकानाबाहेर उभे होते, पण आवाज ऐकू येत होता. तासाभरानं भोंगा हात पुसत बाहेर आला. काय बोलावं त्याला कळत नव्हतं, म्हणून तो म्हणाला, "आवाज बाईचा ठेवलाय. पुरुषाचा पण आहे."

"राहू दे."

शिकाऊ लोकांना मास्तर पहिल्याच दिवशी सांगायला लागले. मला रस्ते आठवत नाहीत, गाडी शिकवता येते, चालत असेल तर बसा. तिघांतला एक निघून जायचा. राहिलेल्यांत दातांची डॉक्टरीण होती. तिनं एवढंच विचारलं, "दुखतं का?" ते नाही म्हणाले, आणि तिनं गाडी गिअरमध्ये टाकली.

पण ते बोलणं सोपं झालं तरी गाडी तीच राहिली नाही. घरापासून दूधवाल्यापर्यंत तीन मिनिटांचा रस्ता, तिथंही यंत्रातली ती बाई बोलायची. शंभर मीटरवर डावीकडे वळा. मास्तर वळायचे. आपण शिकाऊ आहोत आणि ही आपल्याला कधीच पास करणार नाही, असं त्यांना वाटायचं. रस्ता खोदलेला असला की ती पुन्हा पुन्हा त्याच खड्ड्याकडे न्यायची आणि ते पुन्हा पुन्हा जायचे. कधीकधी रागानं पडदा बंद करायचे. मग पुढच्या चौकात थांबून पुन्हा चालू करायचे. दुसरं करणार काय?

हिवाळ्यात त्यांना नदीकाठचं ते मैदान बघावंसं वाटलं, जिथं सुरुवातीची दहा वर्षं त्यांनी लोकांना गाडी मागे घ्यायला शिकवलं होतं. त्या मैदानाला नाव नव्हतं, पत्ता नव्हता. तिथला पडका पंप, तारेचं कुंपण, खांब म्हणून लावलेली रंगाची डबडी, सगळं डोळ्यांसमोर होतं. यंत्राला काय सांगायचं ते कळेना. बायकोला ठाऊक नव्हतं. शिकवताना तिला कधी नेलंच नव्हतं. ती म्हणाली, भोंग्याला फोन करू का? मास्तर म्हणाले, नको, जाऊन बघतो. ती शिवण बाजूला ठेवून गाडीत येऊन बसली.

नदीचा पूल सांगितला होता, तिथवर यंत्रानं त्यांना आणलं आणि तुम्ही पोचला आहात असं सांगून गप्प झालं. पुलाच्या तोंडाशी चार रस्ते फुटत होते. मास्तर कितीतरी वेळ इंजिन चालू ठेवून बसले.

एक माणूस सायकल हातात धरून चालला होता. मास्तरांनी काच खाली केली.

"अहो, मैदानाकडे कसं जायचं? जुना पंप आहे तिथलं."

तो माणूस वाकून आत बघायला लागला आणि हसला. "मास्तर, थट्टा करता का? गाडी मागं घ्यायला तुम्हीच तर मला तिथं शिकवलंत."

"थट्टा नाही," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा तापला होता, पण त्यांनी काच वर केली नाही. "मला आठवत नाही. सांग."

माणसाचं हसू ओसरलं. त्यानं सायकल उभी केली आणि हातवारे करून नीट सांगितलं. दुसरा डावा, मग पाण्याच्या टाकीपाशी उजवा, मग सरळ उतार.

दुसरा डावा त्यांना सापडला. टाकीपर्यंत जाईस्तोवर पुढचं पुसलं गेलं. त्यांनी गाडी बाजूला घेतली, काच पुन्हा खाली केली, आणि टाकीखाली बसलेल्या बाईला विचारलं. मग उतारावर एका मुलीला. मग आणखी एकाला.